नंदूचा वाटा

"पूर्वी त्यांना काय काय येत होतं?" तलासरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, "काही नाही."

शेजारच्या खुर्चीवर माझे यजमान, जयवंत, बसले होते. त्यांनीही मान डोलावली. तिसऱ्या खुर्चीवर नंदू होता. बोलणं त्याच्याबद्दलच चाललं होतं. त्याने तेव्हा माझ्याकडे पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्याच्याकडे पाहत नव्हते.

नंदू माझा धाकटा दीर. जन्मापासून डाऊन सिंड्रोम असलेला. ज्यांच्या घरात असं माणूस आहे आणि ते आता चाळिशी ओलांडतंय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. उपदेश करायला नाही. तेवढा अधिकार मला नाही, ते पुढे कळेलच.

ढिगाजवळची जागा

मी लग्न होऊन नरपडला आले तेव्हा नंदू एकवीस वर्षांचा होता. आज अठ्ठेचाळीसचा आहे. आमची चिकूची वाडी आहे. झाडावरून काढलेले चिकू दुपारी पडवीत येतात, त्यांचा ढीग लागतो आणि मग ते निवडायचे असतात. मोठे एकीकडे, मधले एकीकडे, बारके एकीकडे, डागी वेगळे. काम सोपं वाटतं. मी पहिल्याच आठवड्यात करायला बसले आणि माझ्या पेटीत सगळी भेळसेळ झाली. नंदू शेजारीच बसला होता. त्याने माझ्या पेटीत हात घालून एकेक चिकू उचलला आणि जिथे हवा तिथे ठेवला. बोलला काही नाही. नव्या नवरीचा पाणउतारा इतक्या शांतपणे कुणी केला नसेल.

तो चिकूकडे बघायचासुद्धा नाही. हातात घेतला की त्याला कळायचं. त्याच्या समोर लाडकीबाई बसायची. ती आमच्याकडे वीस वर्षं कामाला येते, वरच्या पाड्यावर राहते. ती दोघं गप्पा मारायची. नंदूचे शब्द आम्हाला निम्मे कळायचे, तिला बहुतेक सगळे कळायचे.

आणि वाटा. ढीग संपला की नंदू घरातल्या प्रत्येकासाठी एकेक चिकू बाजूला काढायचा. आईंचा, दादाचा, माझा, मुलांचा, लाडकीबाईचा. ते सगळे त्याच्या खाटेखाली पेंढ्याच्या पेटीत जायचे. चार-पाच दिवसांनी सकाळी तो एक चिकू घेऊन समोर यायचा आणि म्हणायचा, "वयनी, दाब." मी देठाजवळ अंगठ्याने दाबायचं. बरोबर पिकलेला असायचा. मग मी खाईपर्यंत समोर उभा राहायचा आणि विचारायचा, "गोड?" गोड म्हटल्याशिवाय हलायचा नाही. सकाळी माझी डब्यांची घाई असायची, तेव्हा मी कित्येकदा तोंडात कोंबून, न चावताच 'गोड गोड' म्हणून त्याला वाटेतून बाजूला केलेलं आहे.

एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि तरी डॉक्टरीणबाईंना मी 'काही नाही' म्हणाले. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आमच्या घरात कुणी पाहुणा आला की नंदूची ओळख अशीच व्हायची. हा भोळा आहे, त्याला काही येत नाही. सत्तावीस वर्षांत ते वाक्य माझ्याही जिभेवर बसलं होतं.

पेट्या परत आल्या

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर नंदू गप्प झाला. आम्ही म्हटलं, आईची आठवण येते. मग तो आंघोळीला नाही म्हणायला लागला, शर्टाची बटणं लावून द्या म्हणायला लागला. आम्ही म्हटलं, लाडावला. एकदा परसातून घरात येताना उंबऱ्याशीच थबकला, पाय टाकावा की नाही अशा विचारात. मी हात धरून ओढला आणि म्हटलं, आता हे नवीन नाटक. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच सापडतं, हा माझा जुना दोष आहे.

पण ढिगाजवळ तो रोज बसत होता आणि पेट्या नीट जात होत्या, त्यामुळे काळजीचं काही वाटलं नाही.

मग लाडकीबाईची मुलगी बाळंत व्हायची होती, म्हणून ती महिनाभर गेली. पहिल्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला. ते गुजराती, आमच्याशी मराठीत बोलतात. नेहमी हसून बोलणारे शेठ त्या दिवशी म्हणाले, भाभी, वर मोठे आणि खाली बारके, असा माल तुमच्याकडून कधी आला नव्हता. दुसऱ्या खेपेला पेट्याच परत आल्या. लोकांना वाटलं असणार, आम्ही लबाडी करतो.

माझं डोकं फिरलं. मी पेटी नंदूच्या समोर उपडी केली आणि हे काय म्हणून ओरडले. तो चिकूंकडे बघत राहिला. मग त्याने एक मोठा आणि एक बारका असे दोन उचलले, दोन्ही हातांत धरले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. कोणता कुठे, हे तो मला विचारत होता. तेव्हा मला ते कळलं नाही. मी त्याच्या हातावर चापट मारली.

हे लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून निवडायच्या वेळी मी त्याला मागच्या खोलीत टीव्ही लावून द्यायला लागले आणि बाहेरून कडी घालायला लागले. तो दार वाजवायचा नाही. फक्त दाराशी उभा राहायचा. फटीखालून त्याचे पाय दिसायचे.

तलासरी

शेवटी आम्ही त्याला डहाणूच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की, तलासरीच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईहून एक बाई येतात, त्या अशाच मोठ्या वयाच्या माणसांना तपासतात. मला नवलच वाटलं. नंदूसारख्यांसाठी लहानपणी शाळा असते, शिबिरं असतात, पण ती मोठी होऊन म्हातारी होतात हे कुणाच्या ध्यानातच नसतं. आमच्याही नव्हतं.

तलासरीला आतून जवळचा रस्ता आहे, पण नंदूला हायवेवरचे ट्रक बघायचे असतात म्हणून आम्ही चारोटीवरून वळसा घालून गेलो. चारोटीला चहा घेतला. त्याने नेहमीसारखे ट्रक मोजले नाहीत. बशी हातात धरून बसला आणि चहा गार झाला.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी सर्वांत आधी नंदूशी बोलायला सुरुवात केली. नंदूदादा म्हणाल्या. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याला दादा म्हणणारं पहिलं माणूस. मग कान पाहिले, डोळे पाहिले, रक्त घेतलं. थायरॉइडमुळेही माणूस असा मंदावतो, आईच्या दुःखानेही मंदावतो, ऐकू न आल्यानेही, असं त्यांनी समजावलं. अशा माणसांच्या बाबतीत घरचे आणि डॉक्टरसुद्धा सगळं त्या जन्माच्या दुखण्यावर ढकलून मोकळे होतात, असंही म्हणाल्या. मी खाली मान घालून ऐकलं.

मग तो प्रश्न आला, आणि माझं ते उत्तर. त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, काय येत होतं ते कळल्याशिवाय काय गेलं ते मला कळणार कसं?" पुढच्या वेळी त्याच्याबरोबर रोज असणारं कुणी असेल तर त्याला घेऊन या, असं सांगितलं.

थायरॉइड खरंच कमी निघालं. गोळी सुरू झाली. दोन महिने मी देवाला नवस बोलत होते की सगळं एवढंच असू दे. त्याची सुस्ती थोडी कमी झाली. बटणं काही लागेनात.

लाडकीबाई बोलली

पुढच्या खेपेला आम्ही लाडकीबाईला बरोबर नेलं. गाडीत ती नंदूचा हात धरून बसली होती. दवाखान्यात खुर्चीवर बसायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः खुर्ची ओढून दिली तेव्हा बसली.

तोच प्रश्न तिला विचारला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोलली, "सगला येत होता त्याला. माझ्यापेक्षा बराबर निवडी."

मग एकेक गोष्ट निघाली. कोणत्या झाडाचा चिकू आधी पिकतो ते तो सांगायचा. पाऊस येणार असला की पेंढा आत न्यायचा. तिचं पोर आजारी असलं की तिला लवकर घरी पाठवून तिचाही ढीग तोच उरकायचा. हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं. आमचे हे जमिनीकडे बघत होते. डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या.

कधीपासून चुकायला लागला, असं त्यांनी विचारलं.  लाडकीबाई म्हणाली, दोन दिवाळ्या झाल्या. तो चुकायचा आणि त्याचं लक्ष नसताना ती त्याच्या पेट्या पुन्हा निवडून लावायची. रोज. दोन वर्षं.

मला एकदम राग आला. मी म्हटलं, "मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितला असता त तुमी त्याला ढिगावरशी उठवला असता."

 तिने जे टाळण्यासाठी दोन वर्षं दुप्पट काम केलं होतं, ते मी एका दिवसात करून टाकलं होतं, वर कडीही घातली होती. तिच्या मायेने आजार झाकला गेला, हे खरं आहे. आधी कळलं असतं तर आधी दाखवता आलं असतं. पण तिला ज्यांची भीती वाटली ती माणसं आम्ही होतो.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. डिमेन्शिया. म्हाताऱ्या माणसांना होतो तोच विसर, यांना मात्र पन्नाशीच्या आतच गाठतो. पूर्वी ही माणसं एवढी जगतच नसत, म्हणून कुणाला कळलं नाही. तो मागे फिरणार नाही. किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही. उंबऱ्याशी तो का थबकला होता तेही सांगितलं. जमिनीची खोली नजरेला कळेनाशी होते. मी त्याला हात धरून ओढलं होतं, ते मला आठवलं.

औषध आहे का, असं आमच्या यांनी विचारलं. नवीन औषधं निघत आहेत, पण ज्यांच्यावर ती तपासली त्यांत नंदूदादांसारखी माणसं घेतलीच नव्हती, त्यामुळे ती यांना चालतील का हे ठामपणे माहीत नाही, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, म्हणजे तिथेही ढिगावरून उठवलंच. त्या हसल्या नाहीत. हो म्हणाल्या.

म्हणूनच त्यांचं संशोधनाचं काम चाललं होतं. दर सहा महिन्यांनी यायचं, थोडं रक्त द्यायचं, काय येतं काय नाही याची नोंद करायची. मी सरळ विचारलं, याने आमच्या नंदूला काय मिळणार? त्या म्हणाल्या, कदाचित काहीच नाही. नंतरच्या कुणाला तरी मिळेल. मला त्यांचं हे बोलणं आवडलं. इतके महिने सगळेच मला धीर देत होते.

आम्ही हो म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. नंदूसमोर चित्रं मांडली. सुई, रक्ताची बाटली, पुन्हा इथे येणं. देशील का, असं त्याला विचारलं. खूप वेळ गेला. यांची चुळबुळ सुरू झाली. मग नंदूने शर्टाची बाही वर सारायचा प्रयत्न केला. त्याला ती जमेना, पण कुणी मदत केली नाही. शेवटी तशीच बाही असलेला हात त्याने टेबलावर ठेवला.

परतताना चारोटीला गाडी थांबवली. तिथे आमचे हे गाडीतून उतरले आणि टपरीच्या मागे जाऊन रडले. मी पाहिलं, पण पाहिलं असं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वही

डॉक्टरीणबाईंनी मला वही ठेवायला सांगितली होती. डावीकडे काय येतं, उजवीकडे काय येत नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा, मायेने वाढवू नका आणि रागाने कमी करू नका, अशी ताकीद होती. ती ताकीद माझा स्वभाव ओळखूनच दिलेली असावी.

घरी आल्यावर मी मागच्या खोलीच्या दाराची कडी काढून फेकली. नंदू पुन्हा ढिगाजवळ बसायला लागला. त्यावरून आमच्या दोघांत बरंच वाजलं. यांचं म्हणणं, तो चुकतो, गोंधळतो, त्याला त्रास कशाला? माझं म्हणणं, त्रास त्याला होतो की तुम्हाला? आठ दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. तोड लाडकीबाईने काढली. नंदूचा ढीग वेगळा. त्याने तो हवा तसा निवडायचा, तो माल विकायचा नाही. निवडून झाला की पेटी पुन्हा ढिगात ओतायची आणि तो पुन्हा सुरू करायचा.

एका दुपारी मी पडवीत आले तर लाडकीबाई नव्हती. आमचे हे नंदूसमोर मांडी घालून बसले होते. त्याने भरलेली पेटी त्यांनी हळूच ओतली आणि म्हणाले, नंदू, आज खूप माल आला रे.

पावसाळ्यानंतर एके सकाळी चहा पिताना त्याला आकडीचा झटका आला. डहाणूच्या दवाखान्यात चार दिवस काढले. सकाळी सहाला ताप बघायचा, आठला गोळी, दहाला डॉक्टर, आणि प्रत्येक पाळीची नवीन सिस्टर विचारायची, हे कधीपासून असे आहेत? पहिल्या दिवशी मी जन्मापासून म्हटलं. दुसऱ्या दिवशी वही पुढे केली आणि म्हटलं, तीन वर्षांपूर्वी हे रोज पाच पेट्या निवडायचे. वाचून ती सिस्टर त्याच्याशी बोलायला लागली. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी त्याला खेळायला रिकाम्या बाटल्यांची झाकणं आणून दिली. तो ती चादरीवर मांडत बसायचा. त्याला तिथे एवढंच बरं वाटलं.

झटक्यानंतर तो बराच खाली आला. वहीचं उजवं पान भरत गेलं. चप्पल घालता येत नाही. पाणी गिळताना ठसका लागतो. आरशातल्या माणसाला घाबरतो. दादा म्हणत नाही. एके दिवशी मी लिहिलं, वयनी म्हणत नाही. ते लिहिताना मला स्वयंपाकघरात बसून रडू आलं. मला त्याच्या हाकेचा इतकी वर्षं वैतागच यायचा.

वाटे तर केव्हाच बंद झाले होते. पेंढ्याची पेटी मी काढली नाही, पण तीत काही नसायचं.

मागच्या आठवड्यात

मागच्या आठवड्यात मी पडवीत सांडलेला पाला गोळा करत होते. नंदू ढिगाजवळ नुसता बसून होता. हल्ली तो निवडत नाही, एक चिकू उचलतो आणि धरून ठेवतो. तो उठला. त्याला स्वतःहून उठलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आला आणि हात पुढे केला. हातात चिकू होता. त्याच सकाळी झाडावरून काढलेला, दगडासारखा टणक.

त्याच्या तोंडावर मला ओळखल्याची कोणतीही खूण नव्हती. तिथे कुणीही असतं तरी त्याने तो चिकू दिला असता. मला ते कळत होतं आणि त्याने मला वाईट वाटत होतं. पण तो समोर उभा राहिला, पूर्वी राहायचा तसाच.

मी देठाजवळ दाबलं. अंगठा दुखला. मग मी तो खाल्ला. कच्च्या चिकूचा चीक ज्याने चाखलाय त्याला कळेल. जीभ टाळूला चिकटली, घशात काथ्या बसल्यासारखं झालं. या खेपेला मी घाई केली नाही. चावून चावून, सालीसकट खाल्ला. नंदू बघत होता.

"गोड?" तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याचा शब्द ऐकला.

"गोड," मी म्हटलं.

तो मागे वळला आणि जाऊन जागेवर बसला.

पुढच्या महिन्यात तलासरीला जायचं आहे, म्हणून मी लगेच वही घेतली. डाव्या पानावर लिहिलं, आज वाटा दिला. उजव्या पानावर लिहिलं, माणूस ओळखलं नाही, चिकू कच्चा होता. दिसेल तेवढंच लिहायचं ठरलं होतं. मी तो पूर्ण खाल्ला, हे लिहिलं नाही. वही नंदूची आहे.